दहा वितींचं झाकण

"राख चौतीस टक्के," टॅबवाला म्हणाला आणि त्याने टॅब आमच्याकडे फिरवला. आम्ही आकडा स्वतः वाचल्याशिवाय त्याला पुढे बोलवत नसावं.

मामंजी ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. नवरा गोठ्यातून हात पुसत आला. मी दारात उभी होते, ठकू माझ्या कडेवर.

"किती यायला हवी होती?" मी विचारलं.

"दहाच्या आत. पऱ्हाटीच्या कोळशात आठ-नऊ निघते." तो चपलेच्या टोकाने जमीन उकरायला लागला. "प्रयोगशाळेने शेरा मारलाय ताई. माती मिसळल्याचा संशय. वजन वाढवण्यासाठी."

विळ्याचा आवाज थांबला.

"कुणी बघितलं?" मामंजींनी विचारलं.

"बघितलं नाही आजोबा, मशीनने..."

"मशीनला माती दिसली. बरं. वजन वाढवण्यासाठी, हे कोणत्या मशीनला दिसलं?"

 आत्याबाईंनी, माझ्या सासूने, आतून चहा आणला, त्याच्या हातात कप दिला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "घे. माती नाही त्यात."

टॅबवाला कंपनीचा इंजिनिअर. कंपनी म्हणजे शहरातल्या दोन खोल्यांत बसणारी पाच मुलं, सगळी तिशीच्या आतली. कापसाची वेचणी संपली तेव्हा त्यांनी आमच्या शेताच्या कडेला, घराला लागूनच, एक लोखंडी भट्टी आणून ठेवली. भट्टी कसली, राक्षसाचं घमेलं. वर रुंद, खाली निमुळतं, माणूस आत बसला तर बाहेरून नुसतं डोकं दिसावं. वेचणीनंतर उरलेली कपाशीची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाट्या, आम्ही आजवर बांधावर पेटवून देत होतो. आता त्या घमेल्यात थराथराने जाळायच्या आणि राख व्हायच्या आत विझवायच्या. कोळसा शेणखतात मुरवून शेतात पुरायचा. पऱ्हाटी नुसती जाळली की तिच्यातला कार्बन धूर होऊन वर जातो. कोळसा करून पुरला की शेकडो वर्षं जमिनीत पडून राहतो. त्या न गेलेल्या धुराबद्दल लांबच्या देशांतले कारखाने कंपनीला पैसे देतात, आणि कंपनी आम्हाला मजुरी.

"न झालेल्या धुराला भाव?" मामंजींनी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"मग मी गिळलेल्या भांडणांचाही भाव विचारा त्यांना," आत्याबाई म्हणाल्या होत्या. "चाळीस वर्षांचा साठा आहे."

मामंजींना कोळसा शिकवायला कुणी यावं, हीच मुळात गंमत होती. त्यांनी उमेदीची सगळी वर्षं डोंगरावर कोळसा पाडला. लाकडं रचायची, वर पाला घालायचा, त्यावर माती लिंपायची, आणि चार-पाच दिवस धुराकडे बघत बसायचं. पांढरा धूर म्हणजे लाकडातलं पाणी चाललंय. पिवळा म्हणजे लाकूड शिजतंय. निळा दिसला की धावायचं, कारण आता कोळसाच जळायला लागला. उजव्या हाताची करंगळी अशाच एका धावण्यात भाजली, ती कायमची आत वळली. डोंगरावरची तोड बंद झाली आणि ते शेतात आले. पण धूर दिसला की अजूनही बोलणं अर्धवट सोडून तिकडे बघतात.

कंपनीने सांगितलं होतं, कोळसा पाण्याने विझवा. एका भट्टीला पंधरा हंडे. आमच्या विहिरीने तेव्हाच तळ दाखवला होता. हातपंप गावाच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्या दोन भट्ट्यांना मी आणि आत्याबाईंनी पाणी वाहिलं. तिसऱ्या वेळी एका कडेवर ठकू, दुसऱ्या कडेवर हंडा अशी आले आणि उंबऱ्यावर जी बसले ती मला उठता येईना. मामंजींनी ते पाहिलं. म्हणाले, "कोळशाला पाणी दाखवणं म्हणजे त्याचा अपमान. कोळसा मातीने झोपतो." फावडं घेतलं आणि बांधावरची मऊ माती ओढून लालभडक भट्टीवर पसरली. पाच मिनिटांत सगळं गप्प.

आता, कंपनीचं ॲप प्रत्येक भट्टीचे सात फोटो मागतं. पाचवा फोटो पाणी ओततानाचा. तेव्हा आम्ही एक हंडा कडेने ओतायचो, मी फोटो काढायची, आणि मग मामंजी फावडं उचलायचे. अशा अकरा भट्ट्या झाल्या. फोन माझा, ॲपमध्ये नाव माझं, आणि रसायनशास्त्राची पदवीही या घरात माझीच.

डोंगरावरचा लाकडी कोळसा मनगटाएवढा असायचा. मातीतून हाताने वेचला, झटकला की झालं. पऱ्हाटीचा कोळसा बोटाएवढा, आणि दाबला की चुरा. एकदा मातीत गेला की तो कुणाच्या बापाला वेगळा करता येत नाही. मामंजींच्या हातांना हे सुचलं नाही, कारण त्यांचे हात लाकडावर शिकलेले. मला सुचलं होतं. चौथ्या भट्टीलाच सुचलं होतं. पण मी हंड्यांचा विचार केला आणि गप्प बसले.

टॅबवाल्याने चहा संपवला आणि खरी गोष्ट काढली.

"गुरुवारी एक बाई येताहेत. आमच्यासारख्या कंपन्यांत पैसे घालणारी संस्था आहे, तिथल्या. त्यांनी होकार दिला तर याच भागात आणखी बारा भट्ट्या बसतील. ताईला सगळ्यांची देखरेख, दादांना वर्षभर काम. नाही दिला तर..." त्याने भट्टीकडे पाहिलं. "तर ही पण उचलावी लागेल."

"मग चांगल्या घरी ने त्यांना," नवरा म्हणाला. "आमच्याकडे कशाला?"

"त्यांनीच हे घर मागितलं. म्हणाल्या, पास झालेलं सगळेच दाखवतात, नापास झालेलं दाखवा."

"हुशार आहे," आत्याबाई आतून म्हणाल्या.

"म्हणून म्हणतो ताई," त्याने आवाज खाली आणला, "त्यांना सांगायचं की पोतं फाटलं होतं. नमुना भरताना माती गेली. बस, एवढंच. आणि गुरुवारी मी टँकर पाठवतो. त्यांच्यासमोर पाण्याने व्यवस्थित विझवू."

तो गेल्यावर मी वर पाहिलं. नवऱ्याची बॅग माळ्यावर होती. खडीच्या क्रशरचा मुकादम शनिवारी दुपारी ट्रक घेऊन येणार होता. मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिघंही गेलो होतो. क्रशरच्या मागे पत्र्याची खोली. सकाळी पांघरूण झटकलं की पांढरी भुकटी उडायची. ठकू तेव्हा पाच महिन्यांची. तिसऱ्या आठवड्यात तिच्या बरगड्यांखाली खळगा पडायला लागला, दर श्वासाला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला श्वास मोजायला शिकवलं. पूर्ण एक मिनिट, पोट वर आलं की एक. आता वर्षावरच्या मुलाला चाळीसच्या वर गेले तर धावत यायचं. तेव्हापासून मी मोजते. ठकू चौदा महिन्यांची आहे, खणखणीत आहे, तरी मोजते. सकाळी, दुपारी, दूध पिताना. वहीत लिहून ठेवते. घरातले हसतात.

यंदा नवरा एकटाच जाईन म्हणत होता. पण त्यालाही माहीत होतं आणि मलाही, की विहीर आटली की आम्ही दोघी बायका आणि ठकू इथे किती दिवस काढणार. महिनाभराने त्याच्यामागे जावंच लागलं असतं. त्याच खोलीत.

"सांगून टाक पोतं फाटलं," नवरा म्हणाला. "कुणाचं काय जातं?"

"माझं जातं," मामंजी म्हणाले. "माझ्या कोळशात कुणी कधी खडा दाखवला नाही. आणि पोतं माझ्या हातचं शिवलेलं आहे. ते कसं फाटेल?"

सोमवारी सकाळी मी उठले तेव्हा गोठ्याच्या छपरावरून पत्रा उचकटल्याचा आवाज येत होता. मामंजी वर होते. आत्याबाई खाली उभ्या राहून त्यांना शिडी धरत होत्या आणि शिव्याही देत होत्या.

"म्हातारपणी छप्पर काढताय! म्हशीनं काय छत्री घ्यायची?"

"दोनच पत्रे. म्हशीला विचारलंय मी."

ते दोन पत्रे त्यांनी अंगणात टाकले आणि भट्टीच्या तोंडावर आडवा बांबू ठेवून त्यावर वीत टाकत गेले. अंगठ्यापासून वळलेल्या करंगळीपर्यंत. मग पत्र्यावर वीत टाकली. दहा. कोळशाच्या तुकड्याने गोल आखला. दिवसभर छिन्नी आणि हातोडा. दोन पत्र्यांच्या कडा एकावर एक चढवून खिळे ठोकायचे, उलट्या बाजूने वाकवायचे, पुन्हा ठोकायचे. नवऱ्याने दुपारपर्यंत लांबून पाहिलं. मग येऊन पत्रा पायाने दाबून धरला. संध्याकाळपर्यंत दोघांच्या हातांना कापल्याच्या रेघा होत्या आणि अंगणात एक वाकडंतिकडं, भलंमोठं झाकण पडलं होतं.

"मातीपण नाही, पाणीपण नाही," मामंजी म्हणाले. "वारा बंद केला की झालं. त्याला तोंडच ठेवायचं नाही."

मंगळवारी आम्ही करून पाहिलं. पऱ्हाट्या रचल्या, वरून पेटवल्या. पहिली दहा-पंधरा मिनिटं धूर येतो, तेवढा वेळ मी ठकूला घरामागे नेते. मग ज्वाळा घमेल्याच्या तोंडावर चढते आणि स्वतःचाच धूर खाते. कडेची लाकडं पांढरी दिसायला लागली की दुसरा थर. असे नऊ थर. नवऱ्याच्या भुवया कधीच जळून गेल्यात, आता तो त्याची काळजी करत नाही. शेवटचा थर लाल झाला तेव्हा दोघांनी बांबूच्या टोकांवर झाकण उचललं आणि टाकलं. कडेने आगीच्या जिभा बाहेर आल्या. मामंजींनी ओल्या चिखलाचे गोळे बाहेरून काठावर दाबले, एकेक जीभ आत ढकलत. मग ते भट्टीभोवती फिरत राहिले. कुठे निळा दोरा दिसला की तिथे चिखलाचं बोट.

संध्याकाळी नवऱ्याचा धीर सुटला. "झालं असेल की. बघू तरी."

मामंजी म्हशीकडे गेले होते. त्याने एका बाजूने झाकण उचललं. आत काळंभोर, एकही ठिणगी नाही. त्याने माझ्याकडे बघून हसायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात त्या काळ्यातून एक लाल डोळा उघडला. मग दुसरा. मग सगळी भट्टी श्वास घेतल्यासारखी लाल झाली. झाकण परत टाकेपर्यंत चिखल फुटला होता. बुधवारी सकाळी अर्ध्याहून जास्त राख निघाली.

 मामंजींनी राखेत बोट बुडवून नवऱ्याच्या कपाळावर लावलं. एवढा मोठा बाप्या, तसाच दिवसभर ती खूण घेऊन फिरला.

गुरुवारी टँकर पाहुण्यांच्या आधी तासभर आला. रस्त्यावरून भट्टीकडे वळला तेव्हा हातपंपावर रांगेत उभ्या असलेल्या बायकांनी तो पाहिला. माझ्या अंगणात येईपर्यंत टँकरमागे वीस-बावीस हंडे होते.

"कुणाचं पाणी हे?" शेजारच्या जाऊबाईंनी विचारलं.

"भट्टीचं," ड्रायव्हर म्हणाला.

"भट्टीला तहान लागली?"

"मला काय विचारता? विझवायची आहे म्हणे."

बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठकूचं नाक पुसत राहिले. ती नजर मी आजही विसरलेली नाही. त्यात राग नव्हता. आपल्यातली एक असून ही कुठल्या बाजूला उभी आहे, एवढंच त्या बघत होत्या.

आत्याबाई घरातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात आमचे दोन हंडे. त्या सरळ टँकरच्या मागे गेल्या, पाइपाचं तोंड ड्रायव्हरच्या हातातून घेतलं आणि पहिला हंडा त्याखाली लावला.

"आत्याबाई," मी म्हणाले, "टॅबवाला काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते कोरड्या घशाने म्हणू दे," त्या म्हणाल्या. "ए, रांगेत या गं. धक्काबुक्की करू नका, कपडे भिजतील."

गाडी आली तेव्हा ड्रायव्हर रिकामा पाइप गुंडाळत होता. टॅबवाला उतरला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याच्यामागून पाहुण्या बाई उतरल्या. पन्नाशीच्या असतील. नाक उन्हाने सोललेलं, डोक्यावर मोठी टोपी, हातात पेन्सिल बांधलेली छोटी वही. त्यांनी ओल्या जमिनीकडे पाहिलं, टँकरकडे, मग भरलेले हंडे डोक्यावर घेऊन जाणाऱ्या बायकांच्या पाठींकडे. मग भट्टीपाशी जाऊन उकिडव्या बसल्या, आमच्यासारख्याच, टाचा टेकवून.

"यांनी मला गाडीत सांगितलं," त्या मला म्हणाल्या, "की नमुन्याचं पोतं फाटलं होतं. ते पोतं बघायला मिळेल?"

बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच ते पोतं बघायचं होतं.

टॅबवाला माझ्याकडे बघत होता. नवरा बघत होता. मामंजी झाकणापाशी पाठ करून उभे होते, पण त्यांची मान ऐकत होती. माळ्यावरची बॅग मला दारातून दिसत होती. ठकू माझ्या खांद्याला तोंड लावून लाळ गाळत होती आणि सवयीने माझा हात तिच्या पोटावर गेला. वर आलं की एक.

"पोतं फाटलेलं नाही," मी म्हणाले. "माती आम्हीच टाकली. वजनासाठी नाही, विझवायला."

"पण फोटोत पाणी आहे."

"एक हंडा. फोटोपुरता."

"असे किती?"

"अकरा."

त्यांनी वहीत लिहिलं. टॅबवाल्याने डोळे मिटून घेतले होते.

"का?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला लागले आणि थांबलेच नाही. हातपंप किती लांब आहे, पंधरा हंडे म्हणजे किती खेपा, डोंगरावरचा कोळसा, पऱ्हाटीचा कोळसा, मला चौथ्या भट्टीला कळलं होतं तेही. मध्येच आत्याबाईंनी माझ्याकडून ठकूला घेतलं. बाई ऐकत होत्या आणि प्रश्न विचारत होत्या. हंडा किती लिटरचा? उन्हाळ्यात किती घरं इथून बाहेर जातात? मग मामंजींकडे वळून, "तुम्ही धुराच्या रंगावरून ओळखता म्हणे?"

"कोण म्हणे?"

"तुमची सून. आत्ताच."

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. "फार बोलते," ते म्हणाले. पण मग त्यांनी तिन्ही रंग सांगितले, आणि बाईंनी तिन्ही लिहून घेतले.

"मग आज पाणी नाही, मातीही नको," बाई म्हणाल्या. "आज काय करणार?"

मामंजींनी पायाने झाकण दाखवलं.

"ही कल्पना कुणाची?"

"कल्पना नाही. गोठ्याचं छप्पर आहे."

भट्टी पेटली. बाई प्रत्येक थराला जवळ यायच्या आणि आच लागली की मागे सरायच्या, पुन्हा यायच्या. एकदा त्यांनी नवऱ्याच्या हातातून पऱ्हाट्यांची पेंढी मागून घेतली आणि स्वतः टाकली, वाकडी पडली, सगळे हसले, त्याही. धूर होता तेव्हा त्यांनी मला विचारलं, "मुलीला मागे का नेलंत?" मी खरं ते सांगितलं, की पहिली पंधरा मिनिटं धूर असतो आणि ॲप तेव्हाचा फोटो मागत नाही. टॅबवाला पुटपुटला, "ताई, आज तरी..." बाईंनी तेही लिहिलं.

दोन वाजता झाकण पडलं. चिखल दाबून झाला. मग करायला काहीच नव्हतं. मामंजी फेऱ्या मारत राहिले आणि बाई त्यांच्या मागे. एका जागी बाईंनीच बोट दाखवलं, "तिथे निळा." मामंजींनी चिखल लावला आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

चार वाजता त्यांना निघायचं होतं.

"उघडून दाखवा आता," टॅबवाला म्हणाला. "मॅडमची संध्याकाळची गाडी आहे. नमुना घेऊनच जातील."

"उद्या," मामंजी म्हणाले.

"आजोबा, त्या परत येणार नाहीत. आजच बघायला हवं. थोडंसं उचला. मूठभर घेऊ."

मामंजी भट्टीशेजारच्या दगडावर बसले. हात गुडघ्यांवर. आता त्यांना क्रेननेच हलवावं लागलं असतं. टॅबवाला नवऱ्याकडे वळला. नवऱ्याच्या हातात बांबू होता. तो मामंजींकडे बघेना, भट्टीकडे बघेना. माझ्याकडे बघत होता. फोन माझ्या हातात होता, ॲपवर 'भट्टी उघडली' असं हिरवं बटण.

"तू सांग त्यांना," तो म्हणाला.

"नको," मी म्हणाले. "परवा आम्ही उघडून पाहिली, अर्धी राख झाली. वरून काळी दिसते पण आत जिवंत असते. उद्या सकाळपर्यंत नाही."

"आणि उद्या तुम्ही मला जे दाखवाल," बाई सावकाश म्हणाल्या, "ते हेच आहे, हे मी कशावरून मानू? अकरा फोटो झालेत."

 संशय घ्यायचा हक्क त्यांचा होताच. कान गरम झाले माझे.

बाईच उठल्या. वाकल्या आणि काठावरच्या ओल्या चिखलात अंगठा दाबला. मग दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा. असे चार ठिकाणी, चारी बाजूंना.

"हे ठसे मोडल्याशिवाय झाकण निघणार नाही. बरोबर?"

"घट्ट दाबू नका," मामंजी दगडावरून म्हणाले. "पातळ झालं की वारा जाईल." आणि उठून त्यांनी प्रत्येक ठशाभोवती चिखलाची बारीक कड घातली.

शुक्रवारी सकाळी ठसे वाळून भेगाळले होते, पण चारही होते. मी व्हिडिओ कॉल लावला. बाईंचा चेहरा आला, गोठला, गेला, परत आला. मी प्रत्येक ठशाजवळ फोन नेला. त्यांनी पलीकडे स्वतःचा अंगठा कॅमेऱ्यासमोर धरला, तपासायला की गमतीने ते कळलं नाही.

नवऱ्याने आणि मामंजींनी झाकण उचललं. मी श्वास धरून बसले. एक मिनिट. पूर्ण. मला मिनिट मोजता येतं, घड्याळ लागत नाही. एकही लाल डोळा उघडला नाही. मामंजींनी हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि मूठभर काढला. काळा, कोरडा, निळसर झाक असलेला, एकेक काडी आपल्या आकारात. त्यांनी तो झाकणाच्या पत्र्यावर वरून सोडला. काच सांडावी तसा आवाज झाला.

"पुन्हा," फोनमधून बाई म्हणाल्या. "आवाज पुन्हा ऐकवा."

त्यांनी पुन्हा सोडला. मग कॉल तुटला. टॅबवाला मोटारसायकलवर नमुना घेऊन गेला. जाताना आत्याबाईंकडे पाणी मागून प्यायला.

शनिवारी सकाळी नवऱ्याने माळ्यावरून बॅग उतरवली आणि दारात ठेवली. ट्रक दुपारचा होता. मामंजींनी कुणाला न विचारता पहाटेच भट्टी पेटवली होती. पऱ्हाट्या पडल्या आहेत, म्हणाले, त्यांना काय ठाऊक कोण येतंय नि कोण जातंय. झाकण पडलं होतं, चिखल अजून ओला होता.

दहाच्या सुमाराला फोन वाजला. टॅबवाल्याचा मेसेज. मी तो एकदा मनात वाचला आणि एकदा मोठ्याने.

"राख नऊ. झाकणाचं माप पाठवा ताई, सेंटिमीटरमध्ये. तेरा करायची आहेत."

"तेरा?" आत्याबाई म्हणाल्या. "बाराच म्हणाला होता ना?"

"बारा त्यांच्या," नवरा म्हणाला, "आणि एक आपली."  मग त्याने बॅग उघडली, वरचा टॉवेल काढला आणि त्यात बराच वेळ तोंड पुसलं.

झाकण भट्टीवर तापलेलं. हात लावायची सोय नव्हती.

"दहा विती," मामंजी म्हणाले. "लिही."

"सेंटिमीटर हवेत, मामंजी."

"थांब, मी सांगतो," नवरा म्हणाला आणि त्याने स्वतःची वीत ओट्यावर टाकून दाखवली. "बावीस तरी असेल. दोनशे वीस लिही."

"तुझ्या वितीने केलंय का?" मामंजी म्हणाले. "दोनशे वीस केलं तर भट्टीवर टोपी घातल्यासारखं लोंबेल."

घरात टेप एकच होती. नर्सबाईंनी ठकूची उंची मोजायला दिलेली, कागदी, वहीत घडी करून ठेवलेली. मी ती काढली. मामंजींनी ओट्यावर उजवा हात ठेवला आणि पंजा ताणला. बोटांच्या पेरांत काजळी, तळव्यावर पत्र्याच्या ताज्या रेघा, करंगळी आत वळलेली. मी टेपचं टोक अंगठ्याला लावलं आणि करंगळीच्या नखापर्यंत नेली.

अठरा.

"एकशे ऐंशी," मी लिहिलं आणि पाठवलं. टेपची घडी करून वहीत ठेवली. मामंजींनी पंजा मात्र उचलला नव्हता, ओट्यावर तसाच ताणून धरला होता.